टाकाऊतून सजवलेली जुनी फायबरग्लास कॅम्पर: सगळं टिकलं, फुकटचं सिलिकॉन सोडून

एक्सल बदलायला दिलेली कॅम्पर, म्हणजे मोटारीमागे ओढून न्यायचं छोटं फिरतं घर, गॅरेजमधून परत आली आणि पहिल्याच मोठ्या पावसात मागच्या कोपऱ्यातलं प्लायवुड ओलं झालं. बाहेर जाऊन बघतो तर खिडकीभोवती सिलिकॉनची पांढरी, चकचकीत, ताजी कड. मी सांगितली नव्हती. एक्सलचं काम चाललं असताना जाता जाता मारून दिली म्हणे, तीही फुकट. गॅरेजवाल्याशी फोनवर वाजलं. त्याचं म्हणणं, हे वर्षानुवर्षं हलणार नाही. माझं दुखणं नेमकं तेच.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांना तिची ओळख करून द्यायला नको. १९६८ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये रे ओलेको यांनी काढलेली तेरा फुटी बोलर, आणि तिच्या वळणावर पुढे निघालेल्या स्कॅम्प, ट्रिलियम वगैरे. ओलेको त्याआधी फायबरग्लासच्या सेप्टिक टँकच्या कामात होते, त्यामुळे वरचा एक आणि खालचा एक असे दोन भाग साच्यातून काढून मधोमध जोडायची कल्पना कुठून आली ते समजतं. छताला सांधा नाही, म्हणून ही गळत नाही असं सगळे सांगतात. छत नाहीच गळत. पण आतलं कपाट, ओटा, वरचे कप्पे हे सगळं कवचातून आरपार गेलेल्या रिव्हेटांवर टांगलेलं असतं. शिवाय खिडक्या आणि छतावरचा झरोका. जितकी भोकं, तितक्या पाण्याच्या वाटा.

आणि या भोकांवर आधीच्या मालकांनी काय केलेलं असतं? सिलिकॉन. त्यावर पुन्हा सिलिकॉन. ते खरवडून काढलं तरी मागे एक अदृश्य थर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही, रेझिन धरत नाही, इतकंच काय, नवं सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. या गाडीच्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ मी सुतारकामात घालवला नाही, हा थर काढण्यात घालवला. आधी प्लॅस्टिकची पट्टी, मग सिलिकॉन काढायचं द्रावण, मग सँडपेपर. सँडपेपर सुरुवातीलाच घासला तर घाण उलट पसरते. त्यानंतर ब्यूटाइल टेप, म्हणजे चौकटीखाली लावायची मऊ, चिकट रबरी पट्टी. ती कडक होत नाही, चौकट कसली की सगळीकडून बाहेर येते, जादा निघालेली कापून टाकायची आणि काही दिवसांनी स्क्रू पुन्हा एकदा आवळायचे. उद्या काच फुटली तर चौकट न मोडता निघते. एवढं सगळं केलेल्या खिडकीवर कोणीतरी येऊन ट्यूब पिळून जावं!

वरून पिळलेल्या ट्यूबचा आणखी एक तोटा. ती फक्त दिसणारी कड बुजवते. वरच्या एखाद्या रिव्हेटमधून शिरलेलं पाणी चौकटीच्या खालच्या फटीतून निसटून जायचं, ते आता आत अडकतं, कवच आणि अस्तर यांच्यामधून घसरतं आणि भलत्याच कोपऱ्यात प्रकट होतं. ओल दिसते तिथे गळती शोधू नका.

आता टाकाऊ मालाचं. कामाला लागलो तेव्हा माझं मत पक्कं होतं की लाकूड फुकटात मिळवायचं, बाकी अस्तरबिस्तर नवं आणायचं. काही महिने राहून पाहिल्यावर हे मत जवळजवळ उलटं झालंय.

जुन्या दाराच्या सागवानी फळीचं टेबल दिसायला देखणं, येणारा प्रत्येक जण त्यावरून हात फिरवतो. पण १८ मिलिमीटर जाडीचं सागवान चौरस मीटरला साधारण बारा किलो भरतं. ९ मिलिमीटरचं हलकं प्लायवुड चारेक किलोत भागतं. मूळ गाडी साडेचारशे किलोच्या आसपासची, तिला हा थाट परवडत नाही. त्यात टेबल मागच्या टोकाला. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार हिचवर, म्हणजे पुढे मोटारीला जोडतात त्या सांध्यावर हवा. मागे वजन वाढलं की तो घटतो आणि वेग घेतल्यावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. टेबल मी अर्ध्या रुंदीचं केलं, उरलेली फळी पुढच्या बाकाखाली घातली. (दाराचा जुना रंग खरवडताना जपा, त्यात शिसं असू शकतं, आणि एवढ्याशा खोक्यात धूळ जाणार कुठे? पॅलेटचं लाकूड घेत असाल तर ‘एचटी’ (उष्णतेची प्रक्रिया केलेलं) शिक्का बघा, ‘एमबी’ असेल तर हातही लावू नका, ते विषारी धुरीचं असतं.)

याउलट, टाकून दिलेल्या योगा मॅटचं अस्तर. हे मी निव्वळ कंजुषीने लावलं होतं. मूळचं एन्सोलाइट, म्हणजे भिंतीचं फोमचं अस्तर, फाटलेलं आणि नवं घ्यायला मन होईना. पण बंद पेशींचा फोम पाणी पीत नाही आणि कवचावर घाम धरू देत नाही. थंड सकाळी पूर्वी भिंतीवरून ओघळ यायचे, ते बंद झाले. काही जण जुन्या जीन्स कापून भिंतीत भरतात. सुती कापड ओल धरून बसतं, तो नाद नको. पॅकिंगचं थर्माकोल साठवलं असेल तर तेही पॉलिएस्टर रेझिनपासून दूर ठेवा, क्षणात विरघळतं. मॅट मात्र चुलीच्या मागे लावू नका, तिथे पत्राच हवा. माझ्याकडे जुन्या फ्रिजच्या दाराचा आहे.

कपाटं एकदम सगळी काढायची घाई करू नका, छत त्यांच्यावरच उभं असतं. एकेक काढा, नाहीतर आधी आतून टेकू द्या.

नवीन काय घेतलं? एक्सल, कारण आतलं रबर म्हातारं झालं की ते दुरुस्त होत नाही. गॅसची नळी. रिव्हेट, बंद टोकाचे. आणि ब्यूटाइल. यात काटकसर करणाऱ्याला मी काटकसरी म्हणणार नाही.

गॅरेजवाल्याने पैसे परत दिले नाहीत, सिलिकॉन काढून द्यायलाही नकार दिला. खिडकी मीच पुन्हा उतरवली. आता पाइप घेऊन तपासणी चालू आहे: पाणी खालून वर न्यायचं, एका उंचीवर काही मिनिटं थांबायचं, आत कोणीतरी टॉर्च घेऊन बसलेलं हवं. वरून सुरुवात केली तर सगळंच एकदम ओलं होतं आणि चोर सापडत नाही. खिडकी कोरडी निघाली. तिच्या वरच्या कप्प्याचे दोन रिव्हेट मात्र पाझरतायत, ते उद्या ड्रिलने काढतोय.