फाइली कॉमन्सवर न्यायच्या: एकत्र बसून की आपापल्या घरून?

सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजात किंवा वाचनालयात चार विकिपीडियन जमले की हा विषय निघतो. मराठी विकिपीडियावर स्थानिक, म्हणजे फक्त त्याच विकीपुरते, चढवलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे सगळ्या विकिपीडियांच्या सामायिक फाइल-भांडारात, न्यायचे आहेत, तर एखाद्या रविवारी सगळ्यांनी एकत्र बसून काम उरकावे, की यादी करून प्रत्येकाने घरून सवडीने करावे? दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलणारे भेटतात. हे काम जुळवून आणायची जबाबदारी ज्याच्या अंगावर आली आहे, त्याच्यासाठी हा आढावा.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला आणि कॉमन्स ७ सप्टेंबर २००४ रोजी. त्यामुळे सुरुवातीची चित्रे स्थानिकच चढणार होती. स्थानिक फाइल फक्त त्याच विकीवर दिसते. कॉमन्सवरची फाइल मात्र प्रत्येक भाषेच्या विकिपीडियाला, विकिस्रोताला आणि विकिडेटाला थेट वापरता येते. इतर गावांना हा मुद्दा पुस्तकी वाटू शकेल, सोलापूरला तो वाटू नये. इथे पूर्व भागातल्या विणकरांच्या घरांत तेलुगू चालते, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड कानावर पडते, उर्दूही शहरात मुरलेली आहे. भुईकोट किल्ल्याचा एखादा उत्तम फोटो मराठी विकिपीडियावरच राहिला, तर तेलुगू आणि कन्नड लेखांसाठी तो असून नसल्यासारखा आहे.

एका दिवसाची बैठक

एकत्र बसण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे शंका जागच्या जागी सुटते. नव्या माणसाला परवान्याचा साचा (फाइलच्या पानावर लावायची तयार सूचना) कुठे असतो, फाइलचा इतिहास कसा उघडायचा, मूळ चढवणारा कोण हे कसे ओळखायचे, हे शेजारी बसून पाच मिनिटांत दाखवता येते. तेच लिहून समजावायला अर्धी संध्याकाळ जाते. शिवाय माणसे एकमेकांना ओळखू लागतात, आणि पुढच्या महिन्यात काम रेंगाळले तर फोन कोणाला करायचा हे ठाऊक असते.

तोटेही तितकेच खरे आहेत. कॉलेजच्या संगणक कक्षातले सगळे संगणक बहुधा एकाच आयपी पत्त्यावरून बाहेर जातात, आणि एका आयपीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. सातव्या विद्यार्थ्यापाशी गाडी अडते. म्हणून खाती आदल्या आठवड्यात घरून उघडून घ्यावीत, किंवा त्या दिवसापुरती मर्यादा वाढवण्याची विनंती आधीच करावी. मोबाइलच्या डेटावर भिस्त ठेवू नये. अशा सामायिक आयपींवर कधी कधी बंदी असते आणि ऐन वेळी संपादनच होत नाही.

याहून मोठा धोका घाईचा आहे. दिवस ठरला, बॅनर लागला, की संध्याकाळी आकडा सांगायचा असतो. आकड्यासाठी हलवलेल्या फाइली पुढे कॉमन्सवर वगळण्यासाठी नामांकित होतात, आणि कॉमन्सवरून फाइल वगळली की ती प्रत्येक विकीवरून एकदम नाहीशी होते. स्थानिक प्रत तोवर पुसलेली असेल, तर मराठी लेखही चित्राविना राहतो.

घरून, सवडीने

या मार्गात घाई नसते. एक माणूस रात्री जेवणानंतर दोन फाइली नीट तपासतो, एक संशयास्पद वाटली तर सोडून देतो. जाणकार माणूस पुण्यात किंवा बंगळूरात असला तरी चालते. अडचण एवढीच की पहिल्या पंधरवड्यानंतर बहुतेकांचे हात थांबतात आणि सगळे ओझे एकदोघांवर येते. नव्या माणसाला तर हा मार्ग जवळजवळ बंदच आहे, कारण चुकले तर सांगणारे कोणी शेजारी नसते.

माझे मत असे, की दोन मार्गांत निवड करण्याआधी कामाचे दोन तुकडे करावेत: फाइल हलवण्याजोगी आहे की नाही हे ठरवणे, आणि ती हलवणे. पहिले काम चर्चेचे आहे, ते एकत्र बसून चांगले होते. दुसरे शांतपणे करायचे आहे, ते मोजक्या अनुभवी हातांनी घरून करावे. बैठकीत कोणीही एकही फाइल हलवली नाही तरी चालेल, तपासलेल्या फाइलींची यादी तयार झाली म्हणजे दिवस सत्कारणी लागला.

खरा वेळ कशात जातो

कॉमन्सवर फक्त मुक्त परवान्याची किंवा सार्वजनिक अधिकारक्षेत्रातली, म्हणजे प्रताधिकार नसलेली, फाइल चालते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (सीसी) परवान्यांपैकी सीसी बाय, सीसी बाय-एसए, सीसी झीरो चालतात. अव्यावसायिक वापरापुरता दिलेला परवाना चालत नाही, आणि उचित वापराच्या (परवानगीशिवाय मर्यादित वापराच्या) सबबीला तिथे अजिबात जागा नाही. सिनेमाचे पोस्टर, पुस्तकाचे मुखपृष्ठ, संस्थेचे कलात्मक बोधचिन्ह यांची जागा असलीच तर स्थानिक विकीवर, तिथल्या धोरणाच्या मर्यादेत. ही गठ्ठ्याने बाजूला काढता येतात.

अडते ते मधल्या फोटोंपाशी. सोलापूरचीच उदाहरणे घेऊ.

चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांचा फोटो तुम्ही स्वतः काढला असेल तर प्रश्न नाही. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढण्याची व प्रसिद्ध करण्याची मुभा १९५७च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. इंद्रभुवनसारख्या वास्तूचेही तसेच. पण तीच मुभा भिंतीवर रंगवलेल्या चित्राला लागू होत नाही. चौकातल्या नव्या भित्तिचित्राचा स्वतः काढलेला फोटोसुद्धा चित्रकाराच्या परवानगीशिवाय कॉमन्सवर टिकणार नाही. हा फरक बैठकीत आवर्जून सांगावा, कारण फोटो आपण काढला म्हणजे तो सर्वस्वी आपला, अशीच बहुतेकांची समजूत असते.

आता जुने फोटो. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चार हुतात्म्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी झाली, म्हणजे त्यांचा कोणताही फोटो त्याआधीचा. त्या काळच्या कायद्याप्रमाणे छायाचित्राचा प्रताधिकार ते काढल्यापासून ५० वर्षे, म्हणजे भारतात तो केव्हाच संपला. पण कॉमन्स मूळ देशाबरोबर अमेरिकेतली स्थितीही पाहते, आणि भारतीय कृतींसाठी तिथे १ जानेवारी १९९६ ही तारीख कळीची आहे. त्या दिवशी भारतात मुदत संपलेली असेल तर वाट बरीचशी मोकळी. १९५५ साली काढलेल्या आणि छापलेल्या गिरणीच्या फोटोची मुदत भारतात आज संपलेली असली, तरी १९९६ साली ती चालू होती. असा फोटो कॉमन्सवर नेला तर वगळला जाण्याची दाट शक्यता. दोन्ही फोटो सारखेच जुनाट दिसतात, तारीख मात्र शोधावीच लागते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, पण त्यांचा एखादा फोटो चीनमध्ये प्रथम प्रसिद्ध झाला असेल तर कायदाही चीनचा पाहायचा.

शिवाय स्टुडिओतले फोटो असतात. एखाद्या साहित्यिकाचा किंवा खेळाडूचा फोटो त्याच्या मुलाने चढवलेला असतो आणि परवान्यात ‘स्वतःचे काम’ लिहिलेले असते. भारतीय कायद्यात पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा असतो. तेव्हा अशा फोटोसाठी कधी छायाचित्रकाराची परवानगी लागेल, कधी कुटुंबाची. ती परवानगी देणाऱ्याने स्वतःच्या ईमेलवरून कॉमन्सच्या परवानगी पत्त्यावर पाठवायची, तिथले स्वयंसेवक ती तपासून फाइलवर नोंद करतात. गावात बसून काम करण्याचा लाभ इथे दिसतो. पुण्यामुंबईच्या स्वयंसेवकाला जे पत्रव्यवहाराने महिनाभर जमणार नाही, ते इथला माणूस नवी पेठेतल्या स्टुडिओत जाऊन, समोर बसून समजावू शकतो. मालकाला आधी स्पष्ट सांगा की हा परवाना व्यावसायिक वापरालाही मुभा देतो आणि तो मागे घेता येत नाही. हे लपवून मिळवलेली परवानगी घेऊ नये.

साधने: कोणते कोणाच्या हाती द्यावे

पर्याय मुख्यतः तीन. पहिला, फाइल उतरवून कॉमन्सच्या अपलोड विझार्डमधून पुन्हा चढवणे. कोणालाही जमते, आणि म्हणूनच त्यात सर्वाधिक चुका होतात. विझार्ड विचारतो की हे तुमचे स्वतःचे काम आहे का, आणि नवा माणूस ‘हो’ करून पुढे जातो. मूळ छायाचित्रकाराचे श्रेय तिथेच पुसले जाते. पुष्कळदा मूळ आकाराऐवजी लेखात दिसणारी छोटी प्रत उतरवली जाते. जुना इतिहासही मागे राहतो आणि तो हाताने नोंदवावा लागतो.

दुसरा पर्याय फाइलएक्स्पोर्टर आणि फाइलइम्पोर्टर ही विकीतच बसवलेल्या साधनांची जोडी. विकिमीडिया डॉइचलँड या जर्मन संस्थेच्या तांत्रिक गटाने ती जर्मन संपादकांच्या मागणीवरून बनवली. स्थानिक फाइलच्या पानावरूनच निर्यात सुरू होते, कॉमन्सवर पूर्वदृश्य दिसते, तिथे नाव आणि वर्णन सुधारता येते, आणि फाइलच्या जुन्या आवृत्त्या व पानाचा इतिहास मूळ सदस्यनावांसह सोबत जातो. श्रेय टिकते, आणि माझ्या लेखी एवढ्या एका कारणासाठी हेच साधन निवडावे. अट एकच: प्रत्येक विकीसाठी मीडियाविकी (विकी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) संकेतस्थळावर एक मांडणी पान असते, त्यात कोणते साचे असले तर फाइल जाऊ द्यायची आणि कोणते असले तर अडवायची, ते लिहिलेले असते. आपल्या फाइलींवर जे मराठी साचे आहेत ते त्या पानावर नोंदलेले आहेत का, हे मोहीम सुरू करण्यापूर्वी पाहा. नसतील तर ते पान नीट करणे हेच मोहिमेचे पहिले काम. ते एकाने एकदा केले की पुढच्या सगळ्यांचा त्रास वाचतो.

तिसरा, सांगकाम्याकडून (आपोआप काम करणाऱ्या प्रोग्रामकडून) घाऊक स्थलांतर. शेकडो फाइली एकाच सदस्याच्या, एकाच परवान्याच्या, स्वतः काढलेल्या असतील आणि माणसाने त्या पाहिलेल्या असतील तरच. एरवी सांगकाम्या तपासत नाही, चुकांसकट हलवतो.

नोंद कुठे ठेवावी

व्हॉट्सअॅप ग्रुप निरोपासाठी ठीक, निर्णयासाठी नको. गेल्या महिन्यात एखादी फाइल का सोडली याचे उत्तर तिथे सापडत नाही. गूगल शीट सगळ्यांना वापरता येते आणि बैठकीच्या दिवशी सोयीची असते, पण ती विकीबाहेर असल्यामुळे दोन वर्षांनी येणाऱ्या स्वयंसेवकाला तिचा पत्ताच नसतो. मी फाइलच्या पानावरच साचा आणि वर्ग (पानांचे गट करणारी खूण) लावायला सांगेन: एक ‘हलवता येईल असे वाटते’, दुसरा ‘दुसऱ्या सदस्याने तपासले’. इंग्रजी विकिपीडियावर अशीच दोन टप्प्यांची पद्धत आहे. अशाने फाइलची स्थिती फाइलपाशीच राहते, कोणी कधी ठरवले हे इतिहासात दिसते, आणि पेटस्कॅन या वर्गांवरून याद्या काढणाऱ्या साधनाने हवी तेव्हा यादी काढता येते. मोहिमेची घोषणा चावडीवर (मराठी विकिपीडियाच्या चर्चेच्या पानावर) करावी, म्हणजे मूळ चढवणाऱ्यांनाही कळते. त्यातले काही अजून सक्रिय असतात आणि परवान्याची शंका एका ओळीत मिटवतात.

नवख्यांना बैठकीत रिकामे बसवू नका. आधीच कॉमन्सवर असलेल्या सोलापूरच्या फोटोंना मथळे आणि वर्ग द्यायला सांगा. २०१९पासून कॉमन्सवर प्रत्येक फाइलला अनेक भाषांत मथळा देता येतो. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चारही भाषा एकाच वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांकडून मिळण्याचे भाग्य फार थोड्या शहरांना आहे. गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज, सिद्धेश्वर तलाव, नान्नजचे माळढोक अभयारण्य, चादरीचा माग यांना नुसते ‘सोलापूर’ लिहून भागत नाही, आणि इथल्या मुलांना ते नेमके सांगता येते. यात चूक झाली तर एका क्लिकवर उलटवता येते.

वेळापत्रक ठरवताना एक गोष्ट सर्वांत आधी विचारात घ्या. फाइल कॉमन्सवर गेली की स्थानिक पानावर तशी सूचना लागते, आणि स्थानिक प्रत वगळण्याचा अधिकार फक्त प्रचालकांना, म्हणजे विकीवर विशेष अधिकार असलेल्या सदस्यांना, असतो. ते प्रत्येक फाइल पुन्हा पाहतात: नाव तेच आहे का, वर्णन आणि श्रेय पूर्ण गेले का, लेखांतले दुवे चालतात का. नाव सारखे असेल तर स्थानिक प्रत असेपर्यंत मराठी लेखात तीच दिसत राहते, कॉमन्सवरची नाही. म्हणून तारीख ठरवण्याआधी एखाद्या प्रचालकाशी बोला आणि आठवड्याला किती फाइली पाहणे त्यांना झेपेल ते विचारा. घरून हलवण्याचा वेग त्या आकड्यावर बांधा. बैठकीचा रविवार मग यात्रेची गर्दी आणि परीक्षा टाळून कुठलाही चालेल.