४०० ची प्राइम की १००-४०० झूम?

शिंजीर, शिंपी, फुलटोच्या अशा छोट्या पक्ष्यांच्या फोटोंसाठी पहिली मोठी लेन्स घ्यायचीय आणि ४०० मिमीची प्राइम (म्हणजे झूम न होणारी लेन्स) की १००-४०० मिमीची झूम यांत अडकला असाल, तर माझा अनुभव सांगतो. प्राइम मी चार वर्षं वापरली, झूम गेली दोन वर्षं वापरतोय.

प्राइमला नावं ठेववत नाहीत. हलकी आहे, सेकंडहँड परवडते. मुंबईत भांडुप पंपिंग स्टेशनच्या पाणथळीला उडत्या भिंगरी पक्ष्यावर ती जितक्या झटकन फोकस पकडायची, तितक्या झटकन माझी झूम आजही पकडत नाही.

मला नडलं ते एकच. साडेतीन मीटरच्या आत तिचा फोकसच होत नव्हता. घेताना हा आकडा वाचून काही वाटलं नाही, पक्षी लांबच असणार ना! पण छोट्या पक्ष्यांच्या मागे फिरून काही दिसत नाही. एका जागी मुकाट बसलं की अर्ध्या तासाने तेच जवळ येतात. एका मार्चमध्ये मुंबईच्या आरे जंगलात आंब्याच्या बुंध्याला टेकून बसलो होतो. खालच्या फांदीवर बांडगूळ पिकलेलं. अंगठ्याहून जरासा मोठा फुलटोच्या आला, फळ गिळलं, थोड्या वेळाने फांदीवर आडवा वळला आणि बूड घासून चिकट बी सालीला लावून मोकळा झाला. बांडगूळ पसरतं ते असं. हे सगळं दोन मीटरवर, आणि लेन्स फोकस शोधत नुसती मागेपुढे घुरघुरतेय. मागे सरकावं तर तो उडणार. त्या मोसमात हे आणखी दोनदा झालं, तेव्हा मी प्राइम विकली.

माझी झूम मीटरभरावरही फोकस करते. शिवाय पानांच्या गर्दीत शिंपी शोधताना ४०० वर नुसती पानंच दिसतात. १०० वर तो सापडतो, मग आत जायचं. सावलीत शटर १/१२५ सेकंदापर्यंत उतरवलं तरी स्टॅबिलायझेशनमुळे (हाताची थरथर सावरणारी लेन्समधली सोय) बसलेला पक्षी शार्प येतो. वजन जास्त आहे, किंमतही. नळी आतबाहेर होताना दमट हवा ओढते, म्हणून पावसाळ्यात मी ती सिलिका जेलच्या हवाबंद डब्यातच ठेवतो. बुरशी प्राइमलाही लागते म्हणा.

पाणथळीचे, उडते पक्षी जास्त आवडत असतील तर प्राइम कदाचित बरी. पण जास्वंदीच्या बुडाशी चोच खुपसून मध चोरणारा शिंजीर टिपायचा असेल, तर मी झूमच घेईन. दुकानात गेलात की दोन्ही लावून दोन मीटरवरच्या एखाद्या खोक्यावरची अक्षरं फोकस करून बघा.