प्रेसफिट बीबी आणि पुण्याचा पावसाळा: माझ्या रोड सायकलच्या जुळणीचा अनुभव

जून ते सप्टेंबर सायकल भिंतीला टांगून न ठेवता पानशेत, सिंहगड आणि बोपदेव घाटाच्या रस्त्यांवर चालवणाऱ्याने रोड सायकलची जुळणी ठरवताना सर्वांत आधी फ्रेमचे बीबी शेल पाहावे. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पायडलचा आस ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग, आणि शेल म्हणजे तो जिथे बसतो ती फ्रेममधली पोकळ नळी. चाकांची खोली, हँडलबारचा आकार आणि एकूण वजन या गोष्टींचा विचार त्यानंतर करावा. आपण एकमेकांना सायकली दाखवतो तेव्हा नेमका याचा उलट क्रम असतो. वजन ग्रॅमपर्यंत सांगितले जाते, पण बीबी आट्यांची आहे की दाबून बसवलेली, म्हणजे प्रेसफिट, हे कोणी सांगत नाही आणि विचारतही नाही.

माझ्या सायकलचे सामान बहुतेकांच्या परिचयाचे आहे: कार्बन फ्रेम, शिमानो 105 चा आर 7000 ग्रुपसेट (गिअर आणि ब्रेकच्या भागांचा संच), रिम ब्रेक, पुढे 50-34 आणि मागे 11-34 दातांची चक्रे आणि हाताने बांधलेली 28 स्पोकची अ‍ॅल्युमिनियमची चाके. ही जुळणी मला मनापासून आवडते. त्यातही 11-34 कॅसेटवर, म्हणजे मागच्या चक्रांच्या संचावर, झालेला खर्च पूर्णपणे वसूल झाला आहे. 34 बाय 34 या गिअरमध्ये पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक एकदाच फिरते, त्यामुळे मिनिटाला 60 फेरे ठेवले तरी सायकल ताशी पावणेआठ किलोमीटरच्या आसपास वर चढत राहते. 28 दातांच्या चक्रावर तेवढ्याच फेऱ्यांसाठी ताशी नऊ किलोमीटरहून अधिक वेग ठेवावा लागतो, आणि सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर हा फरक गुडघ्यांना नेमका कळतो. मात्र ही कॅसेट अकरा गिअरच्या रोड हबवर बसवताना तिच्यामागे 1.85 मिलिमीटरची चकती घालावी लागते आणि मागचा डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) लांब पिंजऱ्याचा, म्हणजे जीएस, असावा लागतो. ती चकती राहिली, तर कॅसेट कितीही आवळली तरी खुळखुळत राहते.

आता मूळ तक्रारीकडे येतो. पावसाळा सरत असताना चढावर उभे राहून जोर लावला की खालून कुरकुर ऐकू येऊ लागली. सपाटीवर बसून चालवताना ती जवळजवळ नसे. घाट लागला की प्रत्येक पायडलबरोबर येई. ज्या कार्यशाळेत सायकल नेली, तिथे कोणतीही तपासणी न करता बीबी बदलण्यात आली आणि मजुरीसह पैसे घेण्यात आले. काही आठवड्यांत आवाज परतला, तेव्हा तीच बीबी पुन्हा बदलण्याचा सल्ला मिळाला आणि मजुरी पुन्हा मागण्यात आली. त्याच जागी, तोच भाग, त्याच पद्धतीने बसवून वेगळा परिणाम कसा मिळणार, या माझ्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. मी पैसे दिले नाहीत आणि सायकल परत आणली.

घरी एकेक शक्यता बाजूला काढली. कार्बन फ्रेम आवाज इतका वाहून नेते की सीटपोस्टची (सीटखालच्या दांड्याची) कुरकुर बीबीतून आल्यासारखी वाटते, पण सीटवरून उठल्यावरही आवाज येत होता, म्हणून ती शक्यता आधी बाजूला झाली. पायडल काढून आट्यांना ग्रीस लावले, क्रँकचे (पायडलच्या दांड्यांचे) बोल्ट टॉर्क पान्याने 12 ते 14 न्यूटन मीटरवर आवळले, मागच्या चाकाचे क्विक रिलीज साफ केले. आवाज तसाच राहिला, तेव्हा क्रँक काढला. बेअरिंग बोटाने फिरवल्यावर ती अगदी मऊ, विनातक्रार फिरत होती.

इथे माझे मत बदलले. तोपर्यंत मी शिमानोच्या बीबीतील, बेअरिंग धरणाऱ्या प्लास्टिकच्या कपांना कमअस्सल समजत होतो. प्रत्यक्षात तो भाग आपले काम नीट करत होता. दोष बीबी आणि फ्रेम यांच्या मधल्या जागेत होता. बीबी 86 या प्रेसफिट प्रकारात शेल 86.5 मिलिमीटर रुंद आणि आतून 41 मिलिमीटर व्यासाचे असते, आणि कप त्यात केवळ घट्टपणाच्या बळावर टिकून राहतो. शेल किंचित मोठे किंवा लंबगोल असेल, किंवा दोन्ही बाजूंची छिद्रे एका रेषेत नसतील, तर जोर पडताच कप सूक्ष्म सरकतो. त्या फटीत पाणी आणि धूळ शिरली की ग्रीस धुऊन जाते आणि सरकणे ऐकू येऊ लागते. बेअरिंगवरचा फिरता भार कपाला हळूहळू फिरवू पाहतो, हे सायकल बनवणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. इंग्लिश आट्यांच्या बीबीत उजव्या बाजूचे आटे उलटे असतात ते याचसाठी. प्रेसफिटमध्ये ते बंधनच नाही. रुंद शेलमुळे फ्रेम ताठ करता येते, हा त्यामागचा युक्तिवाद मला मान्य आहे, परंतु कारखान्यातील मोजमापाच्या ढिलाईची किंमत ग्राहकाने दर पावसाळ्यात मोजावी, हे मला मुळीच मान्य नाही. स्पेशलाइज्डने 2020 च्या टारमॅक एसएल 7 मध्ये पुन्हा आट्यांची बीबी दिली, तेव्हा शर्यतीच्या सायकलीलाही आटे चालतात, हे उघड झाले.

उपाय मिळाला तो एकमेकांत आटे असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बीबीचा. तिचे दोन भाग दोन्ही बाजूंनी शेलमध्ये येतात, आत एकमेकांवर आवळले जातात आणि शेलला बाहेरून चिमटून धरतात. त्यामुळे पकड केवळ छिद्राच्या मापावर अवलंबून राहत नाही आणि दोन्ही बेअरिंग एका रेषेत येतात. साध्या बीबीच्या सुमारे तिप्पट किंमत देताना मला त्रास झाला, हे खरे आहे, कारण सायकलच्या सुट्या भागांवर पैसे उधळणे माझ्या स्वभावात नाही. तरीही दोनदा दिल्या जाणाऱ्या मजुरीचा हिशेब धरला, तर हाच मार्ग स्वस्त ठरतो. आता उभे राहून चढताना फक्त साखळीचा आवाज येतो. ज्यांना हा खर्च टाळायचा आहे, त्यांनी निदान प्रत्येक मोठ्या पावसानंतर सीटपोस्ट काढून सायकल उलटी करावी, कारण पाणी सीट ट्यूबमधून थेट बीबीवर उतरते. शेलच्या तळाला निचऱ्याचे छिद्र असेल, तर ते चिखलाने बुजले नाही ना, हेही पाहावे.

बाकीच्या गोष्टींबद्दल थोडक्यात. 25 वरून 28 मिलिमीटरच्या टायरवर येऊन हवा 85 ऐवजी 70 पीएसआय ठेवल्यामुळे खराब डांबरावर हातांना बसणारे हादरे स्पष्टपणे कमी झाले आणि वेग घटल्याचे जाणवले नाही. 105 च्या ब्रेक कॅलिपरमध्ये मात्र 28 हीच मर्यादा आहे, आणि चिखल चिकटला की टायर वर घासू लागतो. साखळी 0.5 टक्के ताणली गेली की मी बदलतो. तेवढ्याने महागडी कॅसेट वाचते. रिम ब्रेकवर माझा अजूनही विश्वास आहे, परंतु ओल्या रस्त्यावरची वाळू पॅडमध्ये रुतते आणि रिम खाते, म्हणून प्रत्येक धुलाईच्या वेळी पॅडमधील धातूचे कण टोकदार सुईने काढावे लागतात. मागच्या रिमवरची झिजेची खाच अजून दिसते आहे. ती पुसट झाली की रिम बदलेन, हब आणि शक्य तितके स्पोक तेच ठेवेन. आणि पुढची फ्रेम घेताना विक्रेत्याला पहिला प्रश्न शेल 68 मिलिमीटर रुंद आणि इंग्लिश आट्यांचे आहे का, हाच विचारेन.