पासष्ट रुपयांची झिरो

मी मालगाडी चालवतो. भुसावळची लॉबी, म्हणजे आम्ही हजेरी लावतो ते ऑफिस, सव्वीस वर्षं नोकरी. ड्यूटीवर चढताना मशीनमध्ये फुंकायचं, शून्य आलं की मग पुढचे कागद. उतरतानाही तेच. ज्याला दर फेरीला दोनदा शून्य दाखवावं लागतं, त्यानं शून्य टक्के बियरवर चार ओळी लिहायला कुणाची हरकत नसावी.

खरी बियर मी रेस्टच्या दिवशी प्यायचो, तीही उन्हाळ्यात. मागच्या दिवाळीनंतर रिपोर्टमध्ये साखर काठावर आली आणि डॉक्टरांनी तीही सोडायला लावली. सोडली. पण आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या आसपास असतो आणि इंजिनच्या केबिनमध्ये तर विचारूच नका. घरी येऊन अंघोळ केली की घशाला काहीतरी थंड आणि कडवट हवं असतं. ताक पोटाला बरं, पण ते कडवट नाही. कोकमाचं तर नावच काढू नका, ते आमच्या मुलखाचं नव्हेच.

तर जानेवारीत जामनेर रोडवरच्या किराणा दुकानात ही बाटली दिसली. फ्रीजमध्ये ताकाच्या पिशव्यांशेजारी उभी. हिरवी काच, ३३० मिली, वर सोनेरी कागद, सहा घेतल्या तर ३९० रुपये. म्हणजे एक पासष्टला पडली. दुकानदार ओळखीचा. त्यानं सवयीनं सहाही बाटल्या पेपरात गुंडाळल्या आणि दोरी बांधली. म्हटलं, "शेठ, यात काही नाही हो." तो म्हणाला, "मला माहीत आहे साहेब, गल्लीला कुठं माहीत आहे!"

कंपनीचं नाव लिहीत नाही. या भावात अशा चार-पाच बाटल्या बाजारात फिरतात, दुकानदाराकडे दर महिन्याला वेगळीच येते आणि मी तिघांच्या चाखल्या, तिन्ही सख्ख्या बहिणी निघाल्या. त्यापेक्षा मागचं लेबल वाचायला शिकलेलं बरं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात. माझ्या बाटलीवर पाणी, मग साखर, मग सातूचं माल्ट, पुढे आम्लता नियंत्रक ३३० म्हणजे लिंबात असतं तेच आम्ल, परिरक्षक २११, हॉप्सचा म्हणजे बियरला कडवट करणाऱ्या फुलांचा अर्क आणि सुवास. साखर माल्टच्या आधी! यीस्टचं नाव कुठेच नाही. इथेच अर्धा रिव्ह्यू संपतो.

कारण बिनदारूची बियर दोन वाटांनी होते. एका वाटेनं आधी खरीखुरी बियर करतात. सातूला मोड आणून वाळवतात, आपण नाचणीला मोड आणतो तसंच; तेच माल्ट. ते दळून गरम पाण्यात घातलं की पिठाची साखर होते, हॉप्स घालून उकळतात, मग यीस्ट त्या साखरेची दारू करतं. एवढं झाल्यावर ती दारू पुन्हा बाहेर काढायची. अल्कोहोल ७८ अंशांवर उकळतं, पण बियर तेवढी तापवली तर तिची चव मेली. म्हणून व्हॅक्यूम ओढून कमी तापमानाला उकळवतात, नाहीतर बारीक पडद्यातून गाळतात. व्हॅक्यूम ब्रेकच्या गाड्या बघितलेल्या माणसाला हे पटकन कळतं; हवा ओढली की सगळे हिशेब बदलतात. ही वाट खर्चाची. दुसऱ्या वाटेनं यीस्टला बोलवायचंच नाही. माल्टचं पाणी, साखर, कडवटपणाला हॉप्सचा अर्क, वरून गॅस, झाकण दाबलं की झालं. पासष्ट रुपयांत तुम्हाला दुसरी वाट मिळते. तक्रार नाही, फक्त माहीत असावं.

पहिली बाटली घरीच उघडली. झाकण फिरवून निघत नाही, ओपनर लागतो. ग्लासात ओतली तर रंग फसवणारा, अगदी नेहमीच्या लागर बियरसारखा पिवळाधमक. फेसही दोन बोटं आला, पण बायकोला दाखवायला आत नेईपर्यंत बसला. वासात भाजलेलं धान्य, टोस्टाची करपलेली कड आणि थोडं मध. पहिल्या घोटाला जिभेच्या टोकावर गोड. बरंच गोड. मग गॅसची टोचणी आणि गिळल्यावर मागे कुठेतरी बारीकसा कडूपणा, कारल्याची भाजी दुसऱ्या घरी शिजत असावी एवढा. छातीत उतरताना बियर जी किंचित ऊब देते, ती अर्थातच नाही. तिच्या जागी पाव खाल्ल्यासारखी एक पिठूळ चव तोंडात रेंगाळते. यीस्टला हात न लावलेल्या माल्टच्या पाण्याची ती खूणच.

मी तोंड वाकडं केलं असणार, कारण आईनं ग्लास मागितला. वय ऐंशीच्या पुढे, आयुष्यात बियरचा थेंब नाही. तिनं वास घेतला, माझ्याकडे बघितलं, एक घोट घेतला आणि म्हणाली, "हे तर सातूच्या पिठाचं पाणी. गूळ जास्त झालाय." आणि उरलेला ग्लास संपवला.

म्हातारीनं एका वाक्यात निकाल लावला. आमच्याकडे उन्हाळ्यात सातूचं पीठ गूळ घालून कालवतात, लहानपणी शाळेतून आल्यावर तेच असायचं. मी बियर शोधत होतो म्हणून मला ही बाटली खोटारडी वाटली. तिला बियर माहीतच नव्हती, तिला सातू सापडला. दुसरी बाटली मी तिच्या हिशेबानं प्यायलो आणि खरं सांगतो, बरी लागली.

उरलेल्या चार भरीत पार्टीला नेल्या. यावल तालुक्यात बामणोदच्या बाजूला एका मित्राचं शेत आहे. तिथली हिरवी-पांढुरकी मोठी वांगी, तेल लावून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काटक्यांच्या जाळावर भाजायची, साल काढून लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायची, वरून शेंगदाणे, कांद्याची पात आणि तेलाची फोडणी. सोबत कळण्याच्या पुऱ्या. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते सांगायला जीआय कशाला हवा, पहिला घास पुरे. बाकीच्यांच्या हातात खरी बियर होती. मला दुसऱ्या दिवशी पहाटे खंडव्याकडे गाडी न्यायची होती, त्यामुळे आमची झिरो.

आणि इथे या बाटलीनं मला चकित केलं. वांग्याचा धूर आणि माल्टचा भाजका वास एकमेकांना ओळखत होते. भरताची मिरची चढल्यावर बाकीच्यांना त्यांची बियर आणखी झोंबत होती, कारण अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं. माझ्या बाटलीतली साखर ती आग बसवत होती. घरी जी गोडी नकोशी होती, तीच इथे कामाला आली. शेजारच्यानं माझी बाटली ओढून एक घोट घेतला आणि ओरडला, "हे त गूळपानी हाये भो!" मग तिखट लागलं तसा दुसरा घोट घेतला. तिसराही. चारातली एक त्यानंच संपवली, पुन्हा नावं ठेवत. नंतर घरी शेवभाजीबरोबरही करून बघितलं. काळ्या मसाल्याच्या लालभडक तर्रीला ही बाटली भरताइतकीच मानवते. वरण-बट्टीबरोबर मात्र अजिबात नको. तुपावर गोड गॅस चढला की पोट तक्रार करतं.

आता थंडाव्याबद्दल, कारण सगळा खेळ तिथेच आहे. दुसरा अर्धा डझन मी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आणला. आखाजीच्या दुपारी लिंबाखाली पत्ते पिसले जातात, आम्ही शेंगदाण्यांवर खेळतो, असं घरी सांगितलेलं असतं. बाटल्या लवकर गार व्हाव्यात म्हणून एक फ्रीझरमध्ये टाकली आणि डावात विसरलो. अल्कोहोल नाही म्हणजे ही बियरपेक्षा लवकर गोठते, हे डोक्यातच आलं नाही. संध्याकाळी फ्रीझर उघडला तर काच तडकलेली आणि माल्टचा पिवळा बर्फ मटारच्या पिशवीला चिकटलेला. बायकोनं जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. चूक माझी, बाटलीचा दोष नाही.

कोमट असताना ही पिऊच नका. थंडीत गोडी दबते, कडूपणा थोडा वर येतो. मी आता अशी पितो: ग्लासात अर्धं लिंबू, चिमूटभर काळं मीठ, आणि त्यावर बर्फाच्या पाण्यात तासभर बुडवलेली बाटली हळूहळू. मीठ पडलं की फेस उसळतो, म्हणून घाई नको, नाहीतर अर्धी बाटली टेबलावर. लिंबानं ती पिठूळ चव कापली जाते. शुद्धतावादी लोक नाक मुरडतील. मुरडू देत, जर्मन लोकही बियरमध्ये लिंबाचं सरबत घालून पितातच.

मुलगी पुण्याहून आली तेव्हा तिनं पहिल्या वाटेनं केलेली एक महागडी झिरोही आणली, किंमत जवळपास दुप्पट. शेजारी ठेवून प्यायलो. फरक आहे, मोठा आहे. महागडीत गोडी कमी, शेवटी हॉप्सचा कडूपणा थांबून राहतो, आणि डोळे मिटले तर पहिले दोन घोट फसतो माणूस. तिसऱ्याला कळतं की मधला भाग पाणचट आहे, अंग नाही. स्वस्तातली निदान अंगानं भरलेली आहे, साखरेनं का होईना.

ड्यूटीवाल्यांसाठी वेगळं सांगतो. आपल्याकडे अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असलेलं पेय कायद्यानं मद्य ठरत नाही, त्यामुळे "नॉन-अल्कोहोलिक" आणि "०.०" या दोन शब्दांत फट आहे. लेबलवर आकडा बघा. आणि ०.० असली तरी ड्यूटीच्या आठ तास आधीच्या नियमात मी ही बाटलीसुद्धा बसवली आहे. मशीनशी वाद घालत कोण बसणार? २०२५ च्या फेब्रुवारीत तिकडे तिरुवनंतपुरम डिव्हिजनमध्ये लोको पायलटांना ड्यूटीच्या आधी शहाळं, सॉफ्ट ड्रिंक, खोकल्याचं औषध आणि काही जातींची केळीसुद्धा बंद करणारा आदेश निघाला होता, कारण फुंकल्यावर आकडे येत होते. थोड्याच दिवसांत तो मागे घेतला. आमच्या लॉबीत त्यावर आठवडाभर हसले. रावेर-सावद्याच्या केळीवर वाढलेली माणसं आम्ही, केळी बंद केली तर गाड्या चालवणार कोण?

नवापूरला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर गाडी उभी असताना सोबतच्या असिस्टंटनं याच बाटलीवरून विचारलं होतं. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. इकडे दारू चालते, तिकडे बंदी. "मग साहेब, हिला कुठल्या बाकावर बसवायचं?" मी म्हटलं, "रसवंतीवर."

आता माझं स्वतःचं दुखणं. लेबलवर १०० मिलीला ९.२ ग्रॅम साखर. बाटलीत झाली तीस ग्रॅम, म्हणजे सपाट सात चमचे. कोल्ड्रिंकच्या अगदी जवळ. डॉक्टरांनी बियर सोडवली ती साखरेसाठी, आणि मी शून्याच्या नादात सात चमचे पीत होतो! दारू शून्य म्हणजे सगळंच शून्य, असं समोरच्या मोठ्या अक्षरांमुळे वाटतं. मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा लॉकरमध्ये असतो. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले आणि महिन्यातून एक म्हणाले.

म्हणून घरात गोड चालत असेल, तिखट जेवण असेल आणि बाटली बर्फात बसवायची तयारी असेल, तर पासष्ट रुपये वाया जात नाहीत. मी दहापैकी साडेपाच देईन, भरताबरोबर साडेसात. नुसती बियर म्हणून विचाराल तर तीन. साखर असलेल्यांनी दुप्पट पैसे टाकून पहिल्या वाटेची घ्यावी, किंवा सरळ लिंबू-सोडा. तो आपल्या स्टेशनबाहेर अजूनही चांगला मिळतो.

परवा पुन्हा दुकानात गेलो. या वेळी एकच घेतली, आईसाठी. शेठला आधीच बजावलं, पेपर नको. तो बरं म्हणाला, मागे वळला आणि गुंडाळूनच आणली.