प्रोव्हिजनल पेटंट अर्ज: अकरा महिने वापरून झाल्यावर

वस्तू तशी कागदीच: पूर्ण पेटंट अर्जाच्या आधी शोधाची तारीख मिळवायला दिलेला प्राथमिक अर्ज. चौदा पानं, पाच आकृत्या आणि वर एक तारीख. पण गेले अकरा महिने मी तिच्याच भरवशावर लोकांना भेटतेय, त्यामुळे मिक्सरबद्दल किंवा फोनबद्दल लिहितात तसं हिच्याबद्दल लिहायला हरकत नसावी. ना कंपनी, ना वकील, ना हाताशी मोठा पैसा, अशा एकट्या माणसाच्या बाजूने लिहितेय.

आधी शोध काय ते सांगते. माझे बाबा काठी टेकत चालतात. काठी जमिनीवर सरळ पडत नाही, तिरकी पडते, म्हणून खालचं रबरी टोक एकाच कडेला झिजतं. बाकीचं टोक नवंकोरं आणि ती एक कड घोटून गुळगुळीत. ओल्या फरशीवर काठी सटकते ती तिथेच. मी मशीन ड्रॉइंगचं काम करते, दिवसभर हाताला चाळा म्हणून खटक्याचं पेन असतं. खटका दाबला की पेनाच्या आतला तुकडा जरासा फिरतो. तसंच काठीचं टोक पावलागणिक फिरलं तर? काठी उचलली की स्प्रिंग टोकाला खाली ढकलते, तिरके दाते एकमेकांवरून घसरतात, टोक 15 अंश फिरतं. वजन पडलं की दाते पुन्हा घट्ट. 24 पावलांत एक फेरी, म्हणजे झीज सगळीकडून सारखी.

अर्जाआधी शोधाशोध केली, तीत पहिले दोन आठवडे फुकट गेले. मी ‘काठी’, ‘रबर’, ‘फिरणारं टोक’ असे शब्द टाकत बसले होते आणि पेटंट लिहिणारे लोक वस्तूला तिच्या घरच्या नावाने कधी हाक मारत नाहीत. मग कळलं की प्रत्येक पेटंटला वर्गाचा क्रमांक असतो. काठ्यांच्या टोकांचा वर्ग ‘ए 45 बी 9/04’, कुबड्यांचा संसार ‘ए 61 एच 3’मध्ये. एस्पासनेट या पेटंट शोधायच्या वेबसाइटवर शब्द सोडून हे क्रमांक टाकले आणि ढीगच पुढ्यात आला. एका जुन्या पेटंटमध्ये फिरणारं टोक होतंच! पोटात गोळा आला. पण आकृतीवर जायचं नसतं, शेवटचे क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर मागितलाय ती वाक्यं, वाचायची असतात. त्यात टोक हाताने सैल करून फिरवायचं होतं. आपोआप फिरणारं नव्हतं. तेवढीच फट माझी. त्या पेटंटचं वर्णन जुनं असलं तरी ते वाचून मला चार गोष्टी फुकटात शिकायला मिळाल्या, हेही खरं.

आता मुख्य वस्तूकडे. प्रोव्हिजनलची सोय थोडक्यात अशी: शोधाचं वर्णन दाखल करायचं, तारीख मिळवायची आणि पुढच्या 12 महिन्यांत पूर्ण अर्ज द्यायचा. क्लेम लिहावे लागत नाहीत, काही देशांत फीही कमी, कुणी तपासत नाही. पूर्ण अर्ज दिलाच नाही तर तो छापलाही जात नाही, म्हणजे बेत फसला तर गुपित गुपितच राहतं. ही सोय सगळ्या देशांत नाही, जिथे आहे तिथे घ्यावी. शिवाय 1883 च्या पॅरिस करारामुळे तीच तारीख दुसऱ्या देशांतही 12 महिने चालते. तारखेचं महत्त्व किती, तर अमेरिका इतकी वर्षं ‘आधी कुणी शोधलं’ हे बघायची, तिनेही मार्च 2013 पासून ‘आधी कुणी अर्ज केला’ हेच धरलं. आपलंच वर्णन पाकिटात घालून रजिस्टर पोस्टाने आपल्यालाच पाठवायचा सल्ला मला तिघांनी दिला. त्या पाकिटाने तारखेच्या रांगेत जागा मिळत नाही. पोस्टाचा तेवढा धंदा होतो.

आणि ‘पेटंट पेंडिंग’ हे दोन शब्द, म्हणजे अर्ज केलाय, निकाल बाकी आहे! बोलणं सुरू करायला उपयोगी आहेत. पण त्यांच्या जोरावर कुणाला कोर्टात खेचता येत नाही, पेटंट मंजूर होईपर्यंत हात बांधलेले. मंजूर झाल्यावरही मिळतो तो इतरांना अडवायचा हक्क. आपली वस्तू बनवायचा परवाना वेगळा मिळत नाही, आपल्या वस्तूत दुसऱ्याचं पेटंट दडलेलं असलं तर आपणही अडकतो.

आता माझी चूक. पाचव्या महिन्यात बाबांच्या काठीचा नमुना अडायला लागला. टोक उघडलं तर स्प्रिंगच्या वेटोळ्यांत बारीक माती आणि केस गच्च बसलेले. ब्रशने साफ केलं, आठवड्याने पुन्हा तेच. वैतागून स्प्रिंग काढली आणि तिच्या जागी मऊ रबराची जाड चकती बसवली. दबते, उसळते, आणि मातीला शिरायला जागाच नाही. एका रात्रीत शोध दुप्पट चांगला झाला. त्याच आठवड्यात एका काठ्या बनवणाऱ्या कंपनीत भेट ठरली होती. एनडीएवर, म्हणजे गोपनीयतेच्या करारावर, ते सही करणार नाहीत हे आधीच कळवलं होतं. बाहेरून येणाऱ्या कल्पनांबाबत बऱ्याच कंपन्यांचं हेच धोरण असतं आणि त्यात फार काळंबेरं असतं असंही नाही, उद्या त्यांच्याच माणसाला तीच गोष्ट सुचली तर भांडण नको म्हणून. मी म्हटलं, अर्ज तर दाखल आहे, भीती कशाची? दोन्ही नमुने टेबलावर ठेवले. समोरच्या बाईंनी रबरवाला उचलला, दोनदा टेकवला, म्हणाल्या, “हा जास्त बरा.” मी खूश.

परतीच्या वाटेवर अर्जाची प्रत चाळली. ‘स्प्रिंग’ शब्द अकरा वेळा. ‘रबर’ फक्त टोकाच्या संदर्भात. म्हणजे जो नमुना त्यांना आवडला, त्याला माझ्या तारखेचं छत्रच नव्हतं. मी तो गोपनीयतेचा करार न करता उघड्यावर मांडून आले होते.

पेटंट एजंटने शांतपणे सांगितलं की अमेरिकेत शोधकाने स्वतः उघड केलेल्या गोष्टीला एक वर्षाची सवलत आहे, युरोपात अशी सरसकट सवलत नाही. भेटीआधीच्या ईमेलमध्ये मी ‘गोपनीय’ शब्द वापरला होता, पण त्यावर विसंबू नका, म्हणाले. दोन दिवसांत दुसरा प्रोव्हिजनल दाखल केला. या वेळी ‘लवचीक घटक’ असा शब्द घातला आणि खाली स्प्रिंग, रबर, फोम, वाकणारी पट्टी, सुचेल ते सगळं आकृत्यांसह लिहिलं. एजंटचं वाक्य होतं, “तुम्ही काय बनवलंय ते लिहू नका, दुसरा माणूस तुम्हाला चुकवायला काय बनवेल ते लिहा.” दोन्ही करावं लागतं, पण मी पहिल्या वेळी फक्त पहिलंच केलं होतं.

यावरून ट्रेव्हर बेलिस यांची हकिगत वाचनात आली. चावीचा रेडिओ शोधणारे ब्रिटिश गृहस्थ. 1991 मध्ये कल्पना सुचली. वीज आणि बॅटरी नाही तिथेही रेडिओवरून माहिती पोचावी म्हणून. त्यांच्या रचनेत गुंडाळलेली स्प्रिंग सुटताना जनित्र फिरवायची. नाव झालं, मानसन्मान मिळाले. पुढे रेडिओ बनवणाऱ्यांनी रचना बदलली, चावी फिरवून बॅटरी चार्ज होऊ लागली आणि वस्तूवरचा ताबा हातातून गेला, पैसाही फारसा आला नाही, असं ते म्हातारपणी सांगत. तिथेही स्प्रिंगच! मी तो मजकूर दोनदा वाचला आणि अर्जात आणखी एक आकृती वाढवली.

बाजाराबद्दल. इथे अर्ज काहीच मदत करत नाही, आणि त्याचा दोषही नाही. दुसऱ्या एका लहान कारखानदाराने नमुना बघून विचारलं, “टोक जास्त टिकलं तर आम्ही टोकं विकायची कुणाला?” मला उत्तर सुचलं नाही. हा प्रश्न पेटंट ऑफिस विचारत नाही, मीही स्वतःला विचारला नव्हता. आता मी टिकाऊपणाबद्दल बोलतच नाही, न सटकण्याबद्दल बोलते. काठ्या-कुबड्यांच्या टोकांच्या घर्षणाची चाचणी कशी करायची याचं आयएसओ 24415 हे मानक आहे. त्यानुसार चाचणीचा आकडा हातात असला की खरेदीवाला माणूस खुर्चीत सरळ बसतो. ‘बाबा आता पडत नाहीत’ या वाक्याने तो फक्त हसतो.

तिसऱ्या महिन्यात ‘तुमचा शोध आम्ही बाजारात नेतो’ म्हणणाऱ्या एका संस्थेचा फोन आला होता. शोध काय आहे हे विचारायच्या आधीच त्यात ‘प्रचंड क्षमता’ होती. अमेरिकेत 1999 च्या कायद्याने अशा संस्थांना लेखी सांगावं लागतं की पाच वर्षांत किती कल्पना तपासल्या, किती चांगल्या ठरल्या, आणि किती ग्राहकांना दिलेल्या पैशापेक्षा जास्त मिळाले. कायदा कुठला का असेना, मी तेच प्रश्न विचारले. पुन्हा फोन नाही.

घड्याळाची तक्रार आहे. 12 महिने ऐकायला भरपूर वाटतात, पण नमुना बिघडणं, दुरुस्त होणं आणि भेटींच्या तारखा मिळणं यातच नऊ गेले. पूर्ण अर्ज, परदेशातले अर्ज, सगळं 12 महिने संपतात त्याच दिवशी अंगावर येतं. पीसीटीचा, म्हणजे अनेक देशांसाठी मिळून एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करायचा, रस्ता आहे, त्याने देशोदेशी जायचा निर्णय पहिल्या अर्जाच्या तारखेपासून साधारण 30 महिन्यांपर्यंत लांबवता येतो. पण त्यातून ‘जागतिक पेटंट’ मिळत नाही, तशी वस्तूच अस्तित्वात नाही. मी पीसीटी घेतेय, दोन्ही प्रोव्हिजनल एकत्र करून.

पुन्हा घेईन का? घेईन, पण घाईने लिहून नाही, आणि नमुन्यात बदल झाला की लगेच, भेटीच्या आधी, दुसरा. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा मीच कापलाय, अर्जाची चूक नव्हती.

एजंटला गुरुवारपर्यंत आकृती क्रमांक 4 हवी आहे, रबरी चकतीची खाच मापासकट. रोज दुसऱ्यांची ड्रॉइंग तपासणाऱ्या माझ्या वहीत ते माप दोन पानांवर दोन वेगळं आहे. आज संध्याकाळी बाबांची काठी उलटी करून कॅलिपर लावणार आहे.