दही-ताक, प्रोबायोटिक पेय की कॅप्सूल: पचनासाठी काय निवडावे?

आंबवलेला प्रत्येक पदार्थ प्रोबायोटिक असतो असे अनेकांना वाटते. परंतु जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी २००१ मध्ये दिलेली व्याख्या अधिक काटेकोर आहे. पुरेशा प्रमाणात घेतल्यास आरोग्याला लाभ देणाऱ्या जिवंत सूक्ष्मजीवांनाच ती प्रोबायोटिक म्हणते. या कसोटीवर इडली, आंबोळी आणि कढी लगेच मागे पडतात, कारण वाफेत, तव्यावर किंवा उकळीत त्यांतील जिवाणू मरतात. पीठ आंबल्यामुळे लोह अडवून धरणारा फायटेट हा घटक कमी होतो आणि धान्यातील लोह शरीराला अधिक मिळते, हा लाभ मात्र खरा आहे. तेल-मोहरीच्या कैरीच्या लोणच्यावरही प्रोबायोटिक म्हणून भिस्त ठेवू नये.

घरच्या दह्याची गोष्ट वेगळी आहे. प्रत्येक घरचे विरजण निराळे असल्याने त्यात कोणते जिवाणू किती आहेत हे सांगता येत नाही, आणि म्हणून काटेकोर अर्थाने त्याला प्रोबायोटिक म्हणता येत नाही. तरीही दह्याच्या बाजूने एक भक्कम पुरावा आहे. योगर्टमधील लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हे जिवाणू दुधातील लॅक्टोज ही साखर पचवण्यास मदत करतात, हा दावा युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये मान्य केला. त्यासाठी प्रत्येक ग्रॅममध्ये किमान १० कोटी जिवंत जिवाणू असावेत अशी अट घातली. घरच्या विरजणात नेमके हेच जिवाणू असतील असे नाही, पण दूध विरजताना लॅक्टोजचा काही भाग आम्लात बदलतोच. दूध प्यायल्यावर पोट फुगणाऱ्या अनेकांना दही सोसते, ते यामुळे. शिवाय दह्यातून प्रथिने आणि कॅल्शियम मिळते आणि खर्च दुधापुरताच येतो. ज्यांना कोणताही विशिष्ट आजार नाही, त्यांनी रोजच्या जेवणात वाटीभर बिनसाखरेचे ताजे दही घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ताक पातळ असल्याने त्यात दह्याचे गुण त्या प्रमाणात कमी उतरतात, पण उन्हाळ्यात ते अधिक सोयीचे असते. रक्तदाब असलेल्यांनी त्यातील मिठाकडे लक्ष द्यावे.

याकुल्टसारख्या प्रोबायोटिक पेयाची जमेची बाजू म्हणजे त्यातील जिवाणूचा वाण (विशिष्ट उपप्रकार) आणि संख्या ठाऊक असते. जपानचे मिनोरू शिरोता यांनी १९३० मध्ये हा वाण वेगळा केला आणि १९३५ मध्ये पेय बाजारात आले. भारतात मिळणाऱ्या ६५ मिलिलिटरच्या बाटलीत ६५० कोटी जिवाणू असल्याचे कंपनी सांगते. मात्र मोठा आकडा म्हणजे मोठा लाभ असा हिशेब येथे चालत नाही. साध्या प्रकारात साखर असते, त्यामुळे मधुमेह असल्यास वेष्टनावरील माहिती वाचूनच ठरवावे.

कॅप्सूल किंवा पुडी घेताना तक्रार कोणती आणि वाण कोणता, हे दोन्ही जुळले पाहिजेत. अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांसाठी सॅकरोमायसिस बुलार्डी अनेकदा दिले जाते. ते यीस्ट असल्यामुळे जिवाणूंवरील औषधाने मरत नाही. याउलट आतड्याच्या आयबीएस या विकारासाठी अमेरिकन गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये प्रोबायोटिकचा वापर संशोधनापुरताच ठेवावा असे सुचवले. लहान मुलाला जुलाब होत असतील, तर ओआरएस आणि डॉक्टरांनी सांगितलेले झिंक आधी द्यावे. पुडीचा विचार नंतर.

प्रतिकारशक्ती फार क्षीण असलेल्या किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेल्या रुग्णाला हे जिवंत सूक्ष्मजीव धोकादायक ठरू शकतात, कारण ते रक्तात शिरल्याच्या घटना घडलेल्या आहेत. अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल घेऊ नये. शौचातून रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे किंवा रात्री झोपेतून उठवणारे जुलाब ही लक्षणे असतील, तर दही की कॅप्सूल या विचारात दिवस न घालवता आधी तपासणी करून घ्यावी.