हाताने बनवलेले पट, सोंगट्या आणि विकतचे बोर्ड गेम्स: पाऊण वर्ष वापरल्यानंतरचा अनुभव

पाऊण वर्ष होत आलं, आमचा पाच-सहा जणांचा ग्रुप जवळपास दर आठवड्याला बसतो, आधी थोडं हातकाम आणि मग बोर्ड गेम्स, आणि यातलं निम्मं सामान आम्ही स्वतः बनवलेलं आहे म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून काढावं. कारण बनवून झाल्याझाल्या काढलेले चकाचक फोटो सगळीकडे दिसतात पण तीच वस्तू पाच-सहा हातांतून दर आठवड्याला फिरल्यावर कशी होते ते कोणी सांगत नाही. निकाल आधीच सांगून टाकते: सगळंच घरी बनवायच्या भानगडीत पडू नका. जुने, कमी नियमांचे दोघांचे खेळ बनवा, नवे गेम्स सरळ विकत घ्या आणि त्यांच्यासाठी पिशव्या, ट्रे वगैरे शिवा. खाली सगळा याचाच पाल्हाळ आहे.

सगळ्यात जास्त खेळलं गेलेलं म्हणजे रॉयल गेम ऑफ ऊर. इराकमधल्या ऊरच्या राजघराण्याच्या कबरींमध्ये पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना १९२० च्या दशकात जे पट सापडले तोच हा खेळ, साडेचार हजार वर्षं जुना, त्यातला एक पट ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नियमांचा धागा मात्र इसवी सनपूर्व १७७ मधल्या एका बॅबिलोनियन मातीच्या पाटीवरून लागला, ती ब्रिटिश म्युझियममधले अभ्यासक आयर्विंग फिंकेल यांनी वाचली, आणि आज सगळे खेळतात ते त्यांच्याच सोप्या केलेल्या नियमांनी. पट २० घरांचा, प्रत्येकाच्या ७ सोंगट्या, मधली ८ घरं दोघांची सामायिक आणि मारामारी फक्त तिथेच, ५ घरांवर फूल काढलेलं, फुलावर थांबलात की आणखी एक दान. बस, एवढंच. नवीन माणसाला पाच मिनिटांत समजतं आणि तरी शेवटच्या सोंगटीपर्यंत कोण जिंकणार ते कळत नाही.

बनवायलाही हा पट सगळ्यात मजेचा, कारण प्रत्येक घरावरची नक्षी वेगळी काढता येते, आम्ही घरं वाटून घेतली होती त्यामुळे पट एकसारखा अजिबात दिसत नाही आणि तेच छान वाटतं. मूळ खेळात चार टोकांचे पिरॅमिडसारखे फासे असतात, त्यांची दोन-दोन टोकं रंगवलेली. ते बनवायच्या फंदात पडू नका. चार चपटी बटणं घ्या, एका बाजूला रंग द्या, चारही उडवा आणि रंगीत बाजू किती वर आल्या ते मोजा, हिशोब तोच बसतो कारण दोन्हीकडे शक्यता अर्धी-अर्धीच आहे. १६ पैकी ६ वेळा दोन पडणार, शून्य आणि चार फक्त एकेकदा. हे एकदा डोक्यात बसलं की माणसं आपली सोंगटी शत्रूच्या बरोबर दोन घरं पुढे ठेवायचं टाळायला लागतात आणि खेळ एकदम चुरशीचा होतो. बटणं गोल गरगरीत नकोत, पडल्यावर लोळत टेबलाखाली जातात.

आता पुठ्ठ्याबद्दल, कारण इथेच बहुतेकांचे पट बाद होतात. २ मिमीचा जाड करडा पुठ्ठा घेतला, वर छान कागद चिकटवला, दुसऱ्या दिवशी बघितलं तर पट होडीसारखा वाकलेला, हे सगळ्यांकडे होतं. कारण साधं आहे, पांढऱ्या गममध्ये पाणी असतं, कागद ओला झाला की फुगतो आणि वाळताना आकसतो, आकसताना पुठ्ठ्याची ती बाजू ओढून घेतो. उपाय असा की मागच्या बाजूलाही त्याच जातीचा कागद चिकटवायचा, दोन्ही कागदांच्या तंतूंची दिशा एकच ठेवायची, गम पातळ आणि सगळीकडे सारखा लावायचा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबून ठेवायचं. आमचे असे दोन्ही बाजूंनी कागद लावलेले पट अजून सपाट आहेत. कोपरे मात्र फुगतात, ते कशानेच थांबत नाही. कडेने कापडी टेप लावली तर फुगायला वेळ लागतो, पण टेप दिसायला दरिद्री दिसते असं ग्रुपमधल्या अर्ध्या लोकांचं म्हणणं आहे, माझं नाही.

दुसरा नंबर नाइन मेन्स मॉरिसचा. एकात एक तीन चौकोन, २४ ठिपके, प्रत्येकी ९ सोंगट्या, ओळीत तीन लावल्या की समोरच्याची एक उचलायची. हा आम्ही कापडावर भरला. एका मैत्रिणीने सगळ्या रेघा साखळी टाक्याने भरल्या होत्या, दिसायला अप्रतिम, पण साखळी उंच उठते आणि ठिपक्यावर ठेवलेली सोंगटी डुगडुगते, टेबलाला जरा धक्का लागला की डाव इकडचा तिकडे. दुसऱ्या कापडावर उलटी टीप घातली, दोनपदरी धाग्याने, ती कापडाला चिकटून बसते आणि सोंगट्या हलत नाहीत. तेव्हा नक्षीची हौस फक्त बाहेरच्या किनारीवर भागवा, आत सपाट टाके. कापडी पटाचा मोठा फायदा म्हणजे गुंडाळून पिशवीत जातो, सोंगट्या त्याच कापडात बांधल्या की झालं, आणि धुता येतो. तोटा एकच, घड्या पडतात, खेळायच्या आधी इस्त्री फिरवायला लागते, नाहीतर मागे पातळ फेल्ट शिवून टाकायचा.

खेळ म्हणून मॉरिस मला ऊरच्या खाली वाटतो. रॅल्फ गॅसर यांनी १९९३ मध्ये कॉम्प्युटरवर सगळा खेळ सोडवून दाखवला की दोघंही अचूक खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो. आम्ही काही अचूक खेळत नाही त्यामुळे बरोबरी क्वचितच होते, पण दोघं सावध भिडू समोरासमोर आले तर बाकीच्यांना जांभया येतात हे खरं.

हेक्सबद्दल थोडक्यात. कागद, पेन्सिल, ११ बाय ११ षटकोन, आपल्या दोन समोरासमोरच्या कडा जोडायच्या. पीट हाइन यांनी १९४२ मध्ये डेन्मार्कमध्ये आणला, नंतर जॉन नॅश यांनाही तो स्वतंत्रपणे सुचला, आणि यात बरोबरी होऊच शकत नाही. पहिल्या खेळाडूचं पारडं जड असतं म्हणून पहिली खेळी झाली की दुसऱ्याला बाजू बदलायची मुभा द्यायची, हा नियम विसरू नका. पट बनवायचा खर्च शून्य. एक मास्टर कागद प्लास्टिकच्या पारदर्शक फोल्डरमध्ये घालून वर पुसता येणाऱ्या पेनने खेळतो, तोच कागद पहिल्या महिन्यापासून चालू आहे. हातकामाच्या दृष्टीने यात काहीच नाही, पण खेळ जबरदस्त.

मांकाला म्हणजे खड्ड्यांत गोट्या वाटत जायचा खेळ, त्याचा पट एकाने हवेत वाळणाऱ्या मातीचा केला होता, सहा-सहा खड्डे आणि दोन्ही टोकांना भांडार. वाळतानाच दोन खड्ड्यांमधल्या पातळ भिंतींना तडे गेले. ही माती पाणी उडून गेलं की आकसते, जाड भाग सावकाश वाळतो आणि पातळ भाग आधी, मग ताण पडतो. आता १४ छोट्या वाट्या ओळीत मांडून खेळतो, काही बिघडत नाही. ४८ गोट्या वाटीत पडतानाचा आवाजही मस्त येतो.

रंगाचं एक महत्त्वाचं. अ‍ॅक्रेलिक रंग तासाभरात वाळल्यासारखा लागतो पण आतून पूर्ण पक्का व्हायला आठवडे जातात, तोपर्यंत दोन रंगवलेल्या सोंगट्या एकमेकींवर दाबून ठेवल्या तर चिकटतात, उन्हाळ्यात तर हमखास, आणि सोडवताना एकीचा रंग दुसरीवर जातो. वरून पाण्याचं वार्निश मारलं तरी तेच, कारण तेही त्याच जातीचं. पक्कं झाल्यावर थोडं मेण चोळून कोरड्या फडक्याने पुसलं की चिकटणं बरंच कमी होतं. आणि पहिले काही आठवडे सोंगट्या डबीत कोंबू नका, ताटलीत पसरून ठेवा. आमच्या रंगवलेल्या लाकडी सोंगट्यांचे कडेचे रंग आता उडालेत, खालचं लाकूड दिसतंय, मला तर त्या आत्ताच जास्त आवडतात, पण ज्यांना नव्यासारखं ठेवायचंय त्यांनी रंग देण्याऐवजी दोन वेगळ्या रंगांची लाकडं किंवा दोन प्रकारची बटणं वापरावीत. आमच्यात एकाला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, त्याच्यासाठी एका बाजूच्या सोंगट्यांना मध्ये भोक पाडलं. तेव्हापासून दिवे मंद असले तरी कोणाचीच गफलत होत नाही.

आता काय बनवू नये. फासे बनवू नका. सहा बाजूंचा फासा मातीचा किंवा लाकडाचा हाताने करायचा आणि तो खरा पडायचा ही अपेक्षाच चूक, कुठेतरी जड राहतोच. कतानसारख्या गेममध्ये (क्लाउस टॉइबर, १९९५) सगळा खेळच दोन फाशांच्या गणितावर उभा आहे, ३६ पैकी ६ वेळा सात, पाच-पाच वेळा सहा आणि आठ, तिथे वाकडा फासा आला की एकाचं शेत पिकतं आणि दुसरा उपाशी, मग रडीचा डाव खडी सुरू. पत्तेही बनवू नका. हाताने कापलेले पत्ते चार डावांत ओळखीचे होतात, हा डाग असलेला म्हणजे अमुक, मग लपवायचं काय राहिलं. अगदीच बनवायचे असतील तर ६३ बाय ८८ मिमीमध्ये कापा आणि अपारदर्शक पाठीच्या स्लीव्हमध्ये (पत्त्याच्या प्लास्टिकच्या पाकिटात) घाला, त्याने पिसताही नीट येतात.

विकतच्या गेम्ससाठी केलेल्या वस्तू मात्र सगळ्याच्या सगळ्या वापरात आहेत. कारकासोन या गेमच्या ७२ टाईल्स टेबलावर ढीग करून ठेवण्यापेक्षा कापडी पिशवीतून काढायला बऱ्या, म्हणून एक शिवली. पिशवीचं कापड जाड आणि गडद हवं, तोंड मूठ सहज आत जाईल आणि बाहेर येईल एवढं हवं, आणि आत अस्तर हवंच, नाहीतर शिवणीचे दोरे टाईलच्या कोपऱ्यांत अडकतात. तळ चौकोनी केला तर पिशवी उभी राहते. फाशांचा ट्रे तर त्याहून सोपा, पुठ्ठ्याऐवजी जाड फेल्टचा चौकोन, चार कोपऱ्यांना टिचबटणं, लावली की भिंती उभ्या राहतात, काढली की सपाट. फासे घरंगळत नाहीत, आवाज होत नाही, रात्री उशिरा खेळताना शेजाऱ्यांचाही प्रश्न नाही. एवढ्या महिन्यांत सगळ्यात जास्त हाताळली गेलेली हातची वस्तू हीच, आणि दिसायला सगळ्यात साधीही हीच.

आणि पॅचवर्क! उवे रोझेनबर्गचा २०१४ चा गेम, दोघांचाच, ९ बाय ९ च्या पाटीवर ठिगळं जोडून गोधडी भरायची, पैसे म्हणून बटणं, शेवटी रिकाम्या राहिलेल्या प्रत्येक घराचे दोन गुण वजा. यातली पुठ्ठ्याची बटणं बाजूला ठेवून आम्ही खरी बटणं वापरतो, शिवणाच्या डब्यातली जमवलेली, लहान म्हणजे एक, मोठं म्हणजे पाच. शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीला बोर्ड गेम म्हटलं की कंटाळा यायचा, आधी ती लिंबूटिंबू म्हणूनच बसायची, या गेममध्ये तिने सगळ्यांना धुतलं आणि आता स्वतःहून डाव मांडते.

हातकाम आणि खेळ एकाच वेळी जमतं का असं बरेच विचारतात. गेमवर आहे. कोडनेम्ससारख्या गेममध्ये, जिथे टेबलावर २५ शब्द मांडलेले आणि नुसता विचार करून बोलायचं असतं, तिथे क्रोशा हातात घेऊन आरामात खेळता येतं, उलट समोरचा क्लू द्यायला दहा मिनिटं लावतो तेव्हा चार ओळी होऊन जातात. डिक्सिटही चालतो. अझुल, कतान यांत हात सतत लागतात, तिथे विणकाम घेऊन बसलेला माणूस आपली पाळी आली तरी टाके मोजत असतो आणि बाकीचे वैतागतात. गम, रंग, कटर ही कामं तर खेळाच्या टेबलावर नकोतच, आधी एक तास ती करा, टेबल पुसा, मग पट काढा. आमच्याकडे हा नियम सगळ्यांना पटलाय, फक्त पुसायचं कोणी यावर रोज वाद.

माणसांच्या बाबतीत वाटलं होतं त्याहून वेगळं घडलं. मला वाटायचं की हातकामवाले आणि गेमवाले असे दोन गट पडतील. तसं झालं नाही, कारण पट बनवताना नियम आपोआप समजतात, ज्याने फुलाची पाच घरं रंगवलीत त्याला फुलाचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. मात्र स्वतः बनवलेल्या वस्तूबद्दल लोक हळवे असतात, सोंगटी पडली, पटावर कपाचा डाग पडला की चेहरे बदलतात. ज्याला हे सहन होणार नाही त्याने आपलं भरतकाम भिंतीवर लावावं, टेबलावर आणू नये, मी स्पष्टच सांगते.

पुढचं काम ‘सेनेत’ नावाच्या खेळाचं. प्राचीन इजिप्तचा, ३० घरांचा पट, फाशांऐवजी चार काड्या, एका बाजूने सपाट. काड्या तासून तयार आहेत, पुठ्ठा दाबाखाली आहे. पण याचे मूळ नियम कुठेच सापडलेले नाहीत, अभ्यासकांनी अंदाजाने बांधलेले वेगवेगळे नियम आहेत, आणि त्यातले कुठले धरायचे यावरून ग्रुपचे सरळ दोन तट पडलेत, त्यामुळे सध्या पट तयार होईल पण डाव कधी मांडला जाईल सांगता येत नाही.